सुचलेली चाल आणि वाजलेली चाल

मालवणच्या बाजारपेठेत १९८८ साली मी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. संगीताचं माझं शिक्षण म्हणाल तर ते याच दुकानात झालं, गुरू असा कोणी नाही. दुरुस्तीला आलेल्या टेपमध्ये बऱ्याचदा कॅसेट अडकलेली असायची. गिऱ्हाईक घाईत टेप ठेवून जायचं, कॅसेट आतच. मी हेड स्पिरिटने पुसायचो, बेल्ट बदलायचो, गुंतलेली फीत षटकोनी पेनाने गुंडाळायचो आणि काम झालं की नाही हे बघायला तीच कॅसेट लावायचो. आत काय असेल ते आधी कळत नसे. कधी गिरणगावात कोणीतरी हाताने टेप केलेली डबलबारी निघे, कधी जहाजावरच्या खलाशाने आणलेली अरबी गाणी, कधी गोव्याच्या तियात्रातली कांतारां, तर कधी जनरेटरच्या घरघरीसकट अख्खं दशावतारी नाटक. स्वतःच्या निवडीने मी यातलं निम्मंसुद्धा कधी ऐकलं नसतं.

त्या काळापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आमच्या सिंधुदुर्गात दरवर्षी जत्रांत, गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला शेकडो नव्या चाली कानावर पडतात. त्या येतात कुठून? त्या गाणाऱ्यांपैकी ‘संगीतकार’ म्हणवणारा जवळपास कोणी नसतो. गेली पंचवीस-तीस वर्षं जमेल तसं ऐकून, विचारून, टिपून माझं जे मत झालं ते या लेखात मांडतो आहे. ते थोडक्यात असं : कुठेतरी ऐकलेली गोष्ट माणूस ताबडतोब, लोकांच्या समोर, भलत्याच कामाला लावतो तेव्हा नवी चाल सापडते. नीट तयारी करून मग करू म्हणून राखून ठेवलेली कल्पना बहुधा तशीच जाते. हे दुसरं मला कसं कळलं तेही सांगावं लागेल. त्यात अभिमान वाटावा असं काही नाही.

सुरुवात एका ढिल्या बेल्टपासून झाली. टेपचा रबरी बेल्ट जुना झाला की सैल पडतो आणि फीत हळू फिरते. वेग साधारण सहा टक्क्यांनी उतरला की गाणं अर्ध्या स्वराने, म्हणजे पेटीवरच्या एका पट्टीने, खाली येतं. काळी चारमधला गायक पांढरी पाचमध्ये गायला लागतो. बेल्ट फारच गेला तर गाण्याची लय निम्म्यावर येते आणि आवाज सप्तकभर खाली. एकदा अशाच टेपवर एक गाजलेलं सिनेमागाणं लागलं. इतकं हळू, की शब्द ओळखू येईनात. शब्द गेले आणि चाल उरली. ती चाल माझ्या ओळखीची होती. आमची आई आणि शेजारच्या बायका गौरीच्या रात्री फुगडी घालताना जे म्हणत, त्याचंच ते वळण होतं. सिनेमाने ते फुगडीतून घेतलं की फुगडीवाल्यांनी सिनेमातून, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आता त्याची फार पर्वाही वाटत नाही. पण तेव्हापासून मी नवा बेल्ट घालण्याआधी जुन्या बेल्टवर एकदा कॅसेट ऐकून घेऊ लागलो. हळू वाजणाऱ्या गाण्यात स्वर मोजता येतात. पेटीवर बोट ठेवून मी ते शोधत असे. गिऱ्हाइकाला वाटे, काम चाललंय.

आता दशावताराकडे येतो, कारण या विषयाचं मूळ माझ्या मते तिथे आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कार्तिकातल्या पौर्णिमेच्या आगेमागे आमच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि तिथून पुढे उन्हाळ्यापर्यंत गावोगाव रात्रभर दशावतार चालतो. वालावल, मोचेमाड, पार्से, खानोली, चेंदवण अशा गावांची नावं लावणारी मंडळं आहेत. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण या नटांवरूनच पडली, कारण पूर्वी राजाचं काम करणारा नट सकाळी स्वतःचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरी. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग चढत असतानाच रंगपटात कथानक सांगितलं जातं : अमुक राजा, त्याची राणी, राक्षस, नारद, कोणी कोणाला कुठे भेटायचं आणि शेवट कसा करायचा. मधली सगळी भाषणं नट उभ्या उभ्या रचतो. स्त्रीभूमिका पुरुष करतात आणि गातातही.

एका बाजूला बाकावर किंवा खाली तिघं बसतात : पेटीवाला, पखवाजवाला आणि झांजवाला. नटाने काय बोलायचं हे नटालाच ठाऊक नसतं, मग पेटीवाल्याला कुठून असणार? कोणतं पद येणार, कोणत्या पट्टीत येणार, येणार की नाही, काहीच ठरलेलं नसतं. राणीचं काम करणारा नट विलाप करता करता अचानक एका स्वरावर लांबतो आणि तिथून पद सुरू होतं. पेटीवाल्याने तो स्वर अर्ध्या श्वासात पकडायचा असतो. पट्टी चुकली तर नटाचा आवाज वर फाटतो आणि पुढची दहा मिनिटं मातीत जातात. पूर्वी पुष्कळ ठिकाणी पायपेटी असे. तिचा भाता पायाने चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. हातपेटीवर डावा हात भात्यात अडकतो आणि वाजवायला उजवा एकटाच उरतो. जुन्या वादकांना हा फरक फार जाणवला असणार.

पण पदं हा नाटकाचा लहान भाग. मोठा भाग म्हणजे पदांच्या मधलं वाजवणं. राजा बोलता बोलता थांबतो, कारण पुढचं वाक्य त्याला सुचायचं असतं. प्रेक्षकांना वाटतं राजा विचारात पडलाय. त्या तीन-चार सेकंदांत पेटीवर पाच-सहा स्वर वाजतात. ते कुठल्याच गाण्यातले नसतात. ते त्या राजासाठी, त्या थांबण्यासाठी, त्याच क्षणी केलेले असतात आणि पुन्हा कधी तसेच वाजत नाहीत. राक्षस येण्याआधीचे वेगळे, नारद निघून गेल्यावरचे वेगळे. शेजारच्या गावातले एक वृद्ध पेटीवादक टेप दुरुस्तीला घेऊन दुकानात येत. त्यांना मी मास्तर म्हणत असे. त्यांना एकदा विचारलं, मास्तर, हे मधलं तुम्ही शिकलात कुणाकडे? त्यांनी माझ्याकडे जरा कीवेनेच पाहिलं. म्हणाले, “झिला, नाटकात गाणी किती? धा. मगे रातभर पेटी काय करता? राजा बोलाचो थांबलो काय पेटयेन बोलाक व्हया.”

माझ्या मते आमच्या भागातलं सर्वांत अस्सल नवं संगीत हेच आहे, आणि त्याची नोंद सर्वांत कमी झाली आहे. कॅसेटवाले पदं छापत, मधलं कापून टाकत. रेडिओचा तर प्रश्नच नव्हता. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला तीसेक वर्षं गेली. पेटीचे स्वर ठोकळेबाज, त्यांवर मींड निघत नाही, हे त्यामागचं कारण खोटं नव्हतं. पण ज्या वाद्याने इथल्या शेकडो रात्री तोलून धरल्या त्याची उमेदीची वर्षं त्यामुळे ध्वनिमुद्रणाबाहेर राहिली.

डबलबारीत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडते. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा बुवा स्वतः पेटी वाजवत गातो, सोबत पखवाज, झांज आणि मागे कोरस. आधी एकाची बारी, मग दुसऱ्याची, आणि सवाल-जवाबात कोपरखळ्या. अभंग, गौळण, गजर असा क्रम चालतो, आणि गजर आला की मंडपातली पोरं पुढे सरकतात, कारण गजराला बहुतेक वेळा नुकत्याच गाजलेल्या सिनेमागाण्याची चाल असते. यावर जुने भजनप्रेमी नाक मुरडतात. मीही कधी कधी मुरडतो. देवाच्या नावाखाली गाण्याची नुसती नक्कल ऐकायची तर मूळ गाणंच काय वाईट होतं?

तरीही त्या कॅसेटी ढिल्या बेल्टवर ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. नक्कल सहसा जमतच नाही आणि न जमण्यातूनच काहीतरी निघतं. समजा, सिनेमातलं गाणं दादऱ्यात आहे, म्हणजे सहा मात्रांत, तीन आणि तीन. गजर आठ मात्रांच्या ठेक्यावर चालतो, चार आणि चार. कालच्या रात्री रेडिओवर ऐकलेली चाल आज बारीत आणायची तर या दोन जादा मात्रांचं काय करायचं? एक बुवा प्रत्येक तिनाचे चार करतो, म्हणजे तिसऱ्या मात्रेवरचा स्वर दुप्पट लांबवतो. आता तो स्वर नुसता धरून ठेवला तर लंगडा वाटतो, म्हणून तो त्याला हलवतो, वरच्या स्वराचा कण लावतो, किंवा तिथेच एक छोटी तान टाकतो. दुसरा बुवा सहा मात्रा तशाच ठेवतो आणि उरलेल्या दोन कोरसला ‘विठ्ठल’ म्हणायला देतो. मूळ गाणं एकच, पण रात्र संपेपर्यंत दोन चाली तयार झालेल्या असतात आणि दोन्हींचं वजन मुळापेक्षा वेगळ्या जागी पडतं. एका कॅसेटवर तर समोरच्या बुवाने लावलेली चाल दुसऱ्याने आपल्या बारीत अशी फिरवून परत केली, की पहिल्याच्या कोरसला हसू आवरेना. तयारीला वेळ होता तो समोरच्याची बारी चालू होती तेवढाच.

अभंगाची रचनाही या कामाला अनुकूल आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं असतात आणि चौथ्यात फक्त चार. ही दोन अक्षरांची तूट गाताना भरून काढावी लागते. कोणी शेवटचं अक्षर लांबवतो, कोणी शेवटचा चरण दोनदा म्हणतो, कोणी तिथे झांजेला वाव देतो. कवीने हे गाण्याचा विचार करून ठेवलं असं मी म्हणणार नाही. पण एकच अभंग वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या चालींत मिळतो तेव्हा मी आधी त्या चौथ्या चरणाकडे बघतो. चालींमधला फरक बहुतेक वेळा तिथूनच सुरू झालेला असतो.

चाली उचलण्याची ही सवय केवळ खेड्यातली आहे असंही नाही. मराठी संगीत रंगभूमी तिच्यावरच वाढली. गोविंदराव टेंबे हे पेटीवादक, बहुतांशी स्वतःच्या कानावर शिकलेले. खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगमंचावर आलं तेव्हा त्याच्या चाली टेंब्यांनी दिल्या. उत्तरेकडची ठुमरी, कजरी, गझल हे मैफलीत ऐकलेलं गाणं त्यांनी मराठी नाटकात आणून बसवलं. बैठकीत ठुमरीला हवा तेवढा वेळ असतो. नाटकात पात्राला पुढे बोलायचं असतं आणि प्रेक्षक ‘वन्समोअर’ची वाट बघत असतो. म्हणून चाल आटली, तिची टोकं स्पष्ट झाली आणि जो प्रकार तयार झाला त्याला आज आपण नाट्यसंगीत म्हणतो. तीच पदं पुढे आमच्या दशावतारी राजांच्या आणि राण्यांच्या तोंडी आली. उत्तरेतला एखादा मुखडा मुंबई-पुण्याच्या नाटकातून फिरून वेंगुर्ल्याच्या जत्रेत राक्षसाच्या तोंडी गेला, आणि यात चुकीचं काही झालंय असं तिथे कोणालाही वाटलं नाही.

टेंब्यांचं नाव मुद्दाम घेतलं, कारण त्यांच्या हाताखाली आमच्या जिल्ह्यातला एक मुलगा काम करत होता. वसंत देसाई. जन्म ९ जून १९१२, सोनवडे गावी, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानात. कुडाळच्या परिसरात वाढलेल्या मुलाच्या कानावर दशावतार आणि भजन पडलं नसेल हे मला पटत नाही, पण तो माझा तर्क समजा. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली, आणि सतरा वर्षांचे देसाई तिथे दाखल झाले. बोलपट आल्यावर प्रभातचं सुरुवातीचं संगीत टेंबे करत. देसाई तिथे पडेल ते काम करत : कधी अभिनय, कधी गाणं, कधी संगीताला मदत. व्ही. शांताराम यांनी राजकमल काढल्यावर १९४३ सालच्या ‘शकुंतला’चं संगीत देसाईंचं. पुढची यादी वाचकांना ठाऊक आहे : ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’, ‘गूंज उठी शहनाई’, ‘आशीर्वाद’, ‘गुड्डी’. ‘अमर भूपाळी’तली भूपाळी होनाजीच्या काळापासून याच चालीत चालत आली आहे असं समजणारी माणसं मला भेटली आहेत. ती चाल १९५१ सालची.

देसाईंबद्दल रागदारीचा पक्का जाणकार म्हणून खूप लिहिलं गेलंय. मला त्यांच्यात जास्त रस वाटतो तो दुसऱ्या एका गोष्टीसाठी. नवं काही कानावर पडलं की ते लगेच कामाला लावण्याची त्यांची वृत्ती मला आमच्या पेटीवाल्यांच्या जवळची वाटते. संतूरचंच उदाहरण घ्या. शंभराच्या आसपास तारांचं हे काश्मिरी वाद्य तिथल्या सूफियाना मौसिकीत वाजे. बाहेर ते फारसं कोणी ऐकलं नव्हतं आणि शास्त्रीय संगीताला ते चालेल की नाही याबद्दल जाणकारांत शंकाच होती. १९५५ साली शिवकुमार शर्मा नावाचा सतरा वर्षांचा जम्मूचा मुलगा मुंबईत जाहीर कार्यक्रमात ते वाजवून गेला. त्याच वर्षी आलेल्या ‘झनक झनक पायल बाजे’त संतूर आहे आणि ते वाजवणारा तोच मुलगा आहे. या वाद्याचं काय करायचं याचा निर्णय संगीतसमीक्षक घेत राहिले. इकडे चित्रपटात ते वाजून मोकळं झालं होतं.

‘गूंज उठी शहनाई’साठी १९५९ साली बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आली. लग्नमंडपातल्या आणि मैफलीतल्या या वाद्याभोवती अख्खा चित्रपट उभा राहिला. १९६६ सालची गोष्ट तर आमच्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. त्या वर्षी २३ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या. तिथे त्यांनी जी संस्कृत शांतिप्रार्थना म्हटली तिचे शब्द कांचीच्या शंकराचार्यांचे आणि चाल वसंत देसाईंची. कर्नाटक संगीताच्या एवढ्या मोठ्या गायिकेसाठी चाल करायची म्हणजे दुसऱ्या संगीतपद्धतीच्या घरात पाहुणा म्हणून जायचं आणि स्वयंपाकही आपणच करायचा. कुडाळच्या माणसाने ते केलं.

वाणी जयराम यांच्याबाबतीतही तेच. मद्रासकडच्या, लग्नानंतर मुंबईत आलेल्या, उस्ताद अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे शिकणाऱ्या या गायिकेचा आवाज देसाईंनी ऐकला आणि बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकातलं गीत तिच्याकडून आणि कुमार गंधर्वांकडून गाऊन घेतलं. मराठी मातृभाषा नसलेली नवी गायिका आणि सोबत कुमार! पुढे १९७१च्या ‘गुड्डी’त तिच्याच आवाजात तीन गाणी. त्यातलं मियाँ की मल्हारमधलं गाणं देशभर पोचलं, आणि त्यातली प्रार्थना ‘दो आँखें बारह हाथ’मधल्या प्रार्थनेसारखीच शाळाशाळांत गेली. मालवणच्या शाळेत आम्ही या दोन्ही प्रार्थना म्हणायचो. त्यांच्या चाली आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या, हे कुठल्याही गुरुजींनी आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसेल. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई गेले.

आता माझी गोष्ट.

१९९६च्या जत्रांत मला एक कल्पना सुचली. मास्तरांची पदं नाहीत, फक्त ते मधलं वाजवणं टेप करायचं. एक रात्र नव्हे, पंधरा-वीस रात्री. मग ते ऐकून, हळू करून, कुठल्या प्रसंगाला कोणते स्वर येतात ते लिहून काढायचं. माझ्या माहितीत असं कोणी केलं नव्हतं. कल्पना इतकी चांगली वाटली, की मी ती जपायला लागलो. दुकानातल्या साध्या टेपवर जनरेटरची घरघर येईल म्हणून चांगला माइक हवा होता. माइक आला तेव्हा हंगाम संपत आला होता. पुढच्या वर्षी क्रोमच्या कॅसेटी मुंबईहून मागवल्या. मग वाटलं, आधी नोटेशन नीट शिकून घ्यावं, नाहीतर टेप करून लिहिणार काय? भातखंडे पद्धतीची पुस्तकं आणली, वाचत बसलो. मास्तरांना माझा बेत सांगितला होता. ते दुकानात आले की विचारत. एकदा म्हणाले, “तुका काय टेप करूचा आसा ता आजच करून घे. फुडल्या वर्साचा कोणी बघल्यान?” मी म्हटलं, मास्तर, तयारी होऊ दे. त्या दिवशी काउंटरवर चालू स्थितीतल्या चार टेप होत्या. पेटीचं दुकान पलीकडच्याच गल्लीत होतं.

१९९८च्या पावसात मास्तर गेले. माइक अजून माझ्याकडे आहे.

बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराबद्दल मी फार नंतर वाचलं. १९०४ साली एका खेड्यात त्याने एका दाईला गाणं म्हणताना ऐकलं आणि लोकांची गाणी गोळा करायची असं त्याच्या मनाने घेतलं. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन मित्र कोदाईबरोबर तो नेटाने कामाला लागला ते १९०६च्या सुमारास. म्हणजे दोन वर्षं त्याचीही गेली. हे वाचून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. त्याच्या खेड्यात गाणाऱ्या पुष्कळ जणी होत्या. माझा पेटीवाला एक होता.

मास्तरांच्या मुलाने नंतर मला त्यांची वही दाखवली. दोनशे पानी, शाईचे डाग पडलेली. डावीकडे नाटकातला प्रसंग आणि पात्र, उजवीकडे चाल कुठून घेतली ते. द्रौपदीसमोर जुन्या नाट्यपदाचं नाव, मंदोदरीसमोर साठच्या दशकातलं सिनेमागाणं, एका राक्षसासमोर नुसतं ‘मोहरमचा ताशा’. काही ठिकाणी काट मारून नवं गाणं लिहिलेलं, म्हणजे जुनं लोकांना कंटाळवाणं झालं असावं. मी ती वही आठवडाभर घरी ठेवून उतरून घेतली. चाली कोणत्या वाटेने आल्या याचा तो माझ्याकडचा सर्वांत चांगला पुरावा आहे, आणि या लेखातलं बरंचसं तिच्या आधारावर लिहिलं आहे. पण मधलं वाजवणं तिच्यात एका ओळीचंही नाही. ते लिहिण्याची गोष्ट आहे असं त्यांना कधी वाटलं नसणार.

आता मी फोनवर टेप करतो. आवाज वाईट येतो. जनरेटर येतो, भजीवाल्याची कढई येते, मांडीवरच्या पोराचं रडणं येतं. फोनमध्ये गाणं पट्टी न बदलता हळू करता येतं, त्यामुळे ढिल्या बेल्टची गरज राहिली नाही. हल्लीचे पेटीवाले तरुण आहेत. काहींच्या शेजारी कीबोर्ड असतो आणि राक्षस आला की त्यातून मालिकांतल्यासारखा गडगडाट काढतात. मला तो आवडत नाही. पण गेल्या वर्षी एका जत्रेत वीज गेली, कीबोर्ड बंद पडला आणि पेट्रोमॅक्स येईपर्यंत अंधारात राजा बोलायचा थांबला. तेवढ्यात त्या पोराने पेटीवर कीबोर्डमधलाच तो गडगडाट खालच्या सप्तकातल्या तीन पट्ट्या एकदम दाबून, भाता झटक्याने मारून काढला. मग त्याच्यावर हळूच एक भजनाचं वळण ठेवलं. लोक गप्प झाले. असं मी आधी ऐकलं नव्हतं. नाटक संपल्यावर त्याला विचारलं तर तो म्हणाला, काय वाजवलंय ते आता आठवत नाही, टेप केलंय का?

केलं होतं. सव्वा मिनिट आहे. सकाळी पेटारे टेम्पोत चढत असताना त्याला ऐकवलं. त्याने दोनदा ऐकलं, पेटी पुन्हा उघडली आणि टेम्पोच्या फाळक्यावर ठेवून ते वाजवून बघू लागला. ड्रायव्हर हॉर्न देत होता. यंदा त्रिपुरी पौर्णिमेनंतर तेच मंडळ आमच्या शेजारच्या गावात येणार आहे. चार्जर घेऊन मी आधीच जाऊन बसणार आहे, पेटीच्या बाजूला.